वेब सेवेला कोडमधून हाक मारली आणि एरर आला: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं बिलिंग असो, खानापूर तालुक्यातल्या डेअरीची दूध नोंदणी असो, नाहीतर व्हीटीयूच्या (इथल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) सातव्या सेमिस्टरचं प्रोजेक्ट असो, संध्याकाळी फोन येतो तो एकाच वाक्याचा: "सर, एरर येऊलालाय." कोणता एरर, ते पुढच्या वाक्यात क्वचितच असतं. गेली काही वर्षं मी या फोनांना जी उत्तरं देतो ती इथं एकत्र लिहिली आहेत. इंग्रजी ट्युटोरियलमध्ये स्टेटस कोडचे (सेवेच्या उत्तरासोबत येणाऱ्या तीन अंकी आकड्यांचे) तक्ते भरपूर सापडतात. पण आपला डेटा दोन लिप्यांतला, दोन राज्यांच्या सीमेवरचा आणि एकाच गावाला तीन-चार स्पेलिंगं असलेला. तो सेवेकडे पाठवताना काय काय मोडतं, ते त्या तक्त्यांत नसतं. म्हणून त्या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

एरर आला. सगळ्यात आधी काय बघू?

आपण नक्की काय पाठवलं ते. कोडला अजून हात लावू नका.

कोडमध्ये काय लिहिलं आहे आणि तारेवरून प्रत्यक्ष काय गेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे लायब्ररी असते, तिचे स्वतःचे डिफॉल्ट असतात, व्हेरिएबलमध्ये भलतंच मूल्य असू शकतं. म्हणून चार गोष्टी प्रिंट करा: पूर्ण यूआरएल, मेथड (गेट, पोस्ट असा रिक्वेस्टचा प्रकार), हेडर (सोबतच्या सूचना) आणि बॉडी (मुख्य मजकूर). मग उत्तराकडे या आणि तिथं तीन गोष्टी बघा: स्टेटस कोड, कंटेंट टाइप हा हेडर, आणि बॉडी शेवटच्या अक्षरापर्यंत. पुष्कळ मुलं ४०० हा आकडा बघून थांबतात. बॉडीत मात्र साध्या इंग्रजीत लिहिलेलं असतं की पिनकोडचं फील्ड रिकामं आहे. सेवा लिहिणाऱ्यानं तुमच्यासाठीच लिहिलेलं ते वाक्य न वाचता दोन तास कोड उलटापालटा करणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांचे ते दोन तास वाया जाताना मला खरंच वाईट वाटतं.

स्टेटस कोड सगळे पाठ करायचे का?

नाही. पहिला अंक ओळखा. २ म्हणजे झालं, ३ म्हणजे दुसरीकडे जा, ४ म्हणजे तुमच्या रिक्वेस्टमध्ये काहीतरी आहे, ५ म्हणजे पलीकडच्या सर्व्हरवर काहीतरी झालं आहे.

एक अपवाद ध्यानात ठेवा. काही सेवा २०० देतात आणि चूक बॉडीत सांगतात: स्टेटस "एरर", रेकॉर्ड शून्य. तिथं नुसता कोड तपासून पुढं गेलात तर रिकामा डेटा बिनबोभाट डेटाबेसमध्ये जातो. उलटही होतं. ५०० आला म्हणजे दोष नेहमी त्यांचाच असं नाही. तुम्ही पाठवलेलं एखादं मूल्य त्यांच्या कोडला अपेक्षित नसलं, तरी तो कोसळून ५०० देतो. सोप सेवेत (एक्सएमएलमधून बोलणाऱ्या जुन्या पद्धतीच्या सेवेत) तर काय चुकलं याची माहिती ५०० सोबतच एक्सएमएलच्या फॉल्टमध्ये येते, तेव्हा तिथंही बॉडी वाचायचीच.

ब्राउझरमध्ये यूआरएल टाकला की उत्तर येतं, कोडमधून येत नाही. असं का?

ब्राउझर न सांगता बऱ्याच गोष्टी सोबत पाठवतो: लॉगिनच्या कुकी, स्वीकारता येणारे फॉरमॅट, स्वतःची ओळख. तुमचा पायथनचा कोड यातलं जवळजवळ काहीच पाठवत नाही. काही सर्व्हर लायब्ररीची डिफॉल्ट ओळख बघूनच ४०३ देतात. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडा, ती रिक्वेस्ट "कॉपी ॲज कर्ल" करा (कर्ल म्हणजे टर्मिनलवरून रिक्वेस्ट पाठवायचा प्रोग्रॅम), टर्मिनलवर चालवा आणि एकेक हेडर काढत जा. ज्या हेडरनंतर ती मोडेल, तोच तुमच्या कोडमध्ये कमी आहे.

कर्ल वापरताना यूआरएल अवतरणचिन्हात ठेवा. यूआरएलमधलं "आणि"चं चिन्ह, म्हणजे अँपरसँड, टर्मिनलसाठी वेगळी आज्ञा असते. अवतरण नसेल तर त्यापुढचे पॅरामीटर सेवेपर्यंत पोचतच नाहीत आणि "पॅरामीटर मिसिंग" असं उत्तर येतं.

कर्लमधून चालतं, पण वेबपेजवरून कॉर्सचा एरर येतो.

कॉर्स हा ब्राउझरचा नियम आहे, सेवेनं दिलेला नकार नाही. तुमचं पान एका ओरिजिनवरचं आहे, सेवा दुसऱ्या. ओरिजिन म्हणजे प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट हे तिन्ही मिळून. तेच मशीन असलं तरी पोर्ट ३००० आणि पोर्ट ८००० हे दोन ओरिजिन. सेवेनं "या ओरिजिनला चालेल" असा हेडर दिला नाही, तर ब्राउझर ते उत्तर तुमच्या जावास्क्रिप्टला वाचू देत नाही. कर्लला हा नियम लागू नाही, म्हणून तिथं चालतं.

उपाय दोन. सेवा तुमची असेल तर तिच्यावर तो हेडर लावा, आणि ब्राउझर आधी जी ऑप्शन्स मेथडची चौकशी पाठवतो तिलाही नीट उत्तर द्या. सेवा दुसऱ्याची असेल तर आपला छोटा सर्व्हर मधे ठेवा आणि त्याच्याकडून हाक मारा. जावास्क्रिप्टच्या फेचमध्ये "नो-कॉर्स" लिहून एरर नाहीसा होतो खरा, पण उत्तर वाचताच येत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

पान डिस्कवरून थेट डबल क्लिक करून उघडलं असेल तर ओरिजिन "नल" जातो. आधी एखादा साधा लोकल सर्व्हर चालू करा.

फेचनं ४०४ आला तरी कॅचमध्ये जात नाही. बग आहे का?

नाही, तो तसाच बनवलेला आहे. नेटवर्कच तुटलं तर फेच फेल होतो. ४०४ किंवा ५०० हे त्याच्या दृष्टीनं आलेलं उत्तर असतं. रिस्पॉन्सचं "ओके" तुम्हीच तपासायचं.

"अनएक्स्पेक्टेड टोकन" म्हणतो आणि पुढं कोनाकृती कंस दाखवतो.

तुम्ही जेसॉन (सेवा डेटा पाठवतात तो मजकुराचा फॉरमॅट) समजून जे वाचताय ते एचटीएमएल, म्हणजे वेबपान आहे. लॉगिनचं पान असेल, प्रॉक्सीचं "सेवा उपलब्ध नाही" असं पान असेल, नाहीतर ४०४ चं सजवलेलं पान. पार्स करण्याआधी बॉडी मजकूर म्हणून छापा, पहिल्या दोन ओळींत कळतं. कॉलेजच्या किंवा लॉजच्या वायफायवर असाल तर त्या वायफायचं लॉगिन पानही हेच करतं.

तुम्ही पाठवलेला जेसॉन सेवेला पटत नसेल, तर तीन कारणं नेहमीची. एक, पायथनची डिक्शनरी जशीच्या तशी स्ट्रिंग करून पाठवली, तिला एकेरी अवतरणं येतात आणि जेसॉनला दुहेरीच लागतात. दोन, शेवटच्या मूल्यानंतर स्वल्पविराम राहिला. तीन, उदाहरण वर्डमधून कॉपी केलं आणि सरळ अवतरणं वळणदार झाली. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत "डेटा" या पॅरामीटरमध्ये डिक्शनरी दिली तर ती फॉर्म म्हणून जाते, "जेसॉन" या पॅरामीटरमध्ये दिली तरच जेसॉन म्हणून. ४१५, म्हणजे "हा फॉरमॅट चालत नाही", आला की पहिला संशय इथंच घ्या.

"बेळगाव" शोधलं की २०० येतो, पण निकाल शून्य. एररसुद्धा नाही!

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि त्याला एकच उत्तर नाही.

पहिली शक्यता नावाची. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं सरकारदरबारी बदलली. बेळगावचं बेळगावी झालं, विजापूरचं विजयपुर, गुलबर्ग्याचं कलबुर्गी, हुबळीचं हुब्बळ्ळी. घरात आपण बेळगावच म्हणतो. पण सेवेचा डेटा कोणत्या साली भरला यावर तिला कोणतं नाव कळणार हे ठरतं. इंग्रजीत दोन स्पेलिंगं, मराठीत "बेळगाव" आणि अनुस्वारवालं जुनं "बेळगांव", शिवाय कन्नडमधून आलेलं "बेळगावी". सगळ्यांचा अर्थ एक, पण कॉम्प्युटरसाठी ही पाच वेगळी शहरं. म्हणून सेवा परवानगी देत असेल तर नावानं शोधू नका, कोडनं शोधा. पिनकोड ५९०००१, रेल्वे स्टेशनचा बीजीएम, विमानतळाचा आयएक्सजी. शहराचं नाव बदललं म्हणून हे कोड बदलले नाहीत. नावानंच शोधावं लागत असेल तर आपल्या बाजूला पर्यायी नावांचा एक छोटा तक्ता ठेवा आणि सेवेला जे समजतं तेच पाठवा.

दुसरी शक्यता एन्कोडिंगची. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. "बेळगाव"मध्ये काना-मात्रा धरून सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. यूआरएलमध्ये प्रत्येक बाइट टक्का आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो, म्हणजे ५४ अक्षरं. हे काम लायब्ररी करते. तुम्हीही आधी करून ठेवलंत तर ती तुमच्या टक्क्यांनाच पुन्हा एन्कोड करते. लॉगमध्ये प्रत्येक टक्क्यानंतर २५ दिसू लागला की समजा दुहेरी एन्कोडिंग झालं आहे आणि सेवा "बेळगाव" नावाचं काही शोधतच नाही. एक तर तुम्ही करा किंवा लायब्ररीला करू द्या.

तिसरी शक्यता डोळ्यांना दिसत नाही. "शेतकऱ्यांची" हा शब्द घ्या. त्यातला "ऱ" युनिकोडमध्ये एकाच चिन्हानं लिहिता येतो, किंवा साधा "र" आणि त्याखाली नुक्ता असा दोन चिन्हांनी. काही जुन्या कीबोर्डवर तो "र", हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा तीन चिन्हांतून यायचा. पडद्यावर तिन्ही सारखे, तुलना केली तर तिन्ही वेगळे. पहिले दोन युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशननं (एकाच अक्षराची वेगळी रूपं सारखी करणाऱ्या प्रक्रियेनं) एक होतात. तिसरा होत नाही, तो स्वतः बदलून घ्यावा लागतो. शेतकऱ्यांच्या नावांची यादी दोन ठिकाणांहून आणून जुळवणार असाल, तर जुळवण्याआधी हे करा.

मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात.

दोन प्रकार आहेत आणि त्यांचा उपचार वेगळा आहे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान रोमन "ए" पुन्हा पुन्हा दिसत असेल तर डेटा शाबूत आहे, फक्त यूटीएफ-८ चे बाइट लॅटिन-१ (रोमन लिपीपुरती जुनी पद्धत) समजून वाचले गेले. पायथनच्या रिक्वेस्ट्समध्ये हे हमखास होतं: सेवेनं कंटेंट टाइप साधा टेक्स्ट दिला आणि कॅरेक्टर सेट सांगितला नाही, तर ती लायब्ररी आयएसओ-८८५९-१, म्हणजे तेच लॅटिन-१, गृहीत धरते. मजकूर वाचण्याआधी एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवलं की काम होतं.

नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर अक्षरं आधीच गेलेली असतात, बहुतेक डेटाबेसच्या लॅटिन-१ कॉलममध्ये साठवताना. ती परत आणता येत नाहीत. कॉलम बदला आणि डेटा मूळ ठिकाणाहून पुन्हा भरा.

एक्सेलमध्ये मराठी नीट दिसतं, सेवेकडे गेलं की रोमन अक्षरांची भेळ होते.

ती फाइल जुन्या फॉन्टमधली आहे. श्रीलिपीत टाइप केलेलं मराठी, किंवा कर्नाटक सरकारच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या नुडीच्या जुन्या फॉन्टमधलं कन्नड, पडद्यावर अक्षर दाखवतं पण फाइलमध्ये रोमन अक्षरांचे कोडच साठवतं. फॉन्ट काढला की खरं रूप उघडं पडतं. सीमाभागात सोसायट्या, पंचायती, छापखाने यांच्याकडे अशा फाइली ढिगानं आहेत. आधी कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणा. मग पन्नासेक ओळी स्वतः वाचून बघा, कारण जोडाक्षरं आणि रफार कन्व्हर्टरकडून चुकतात. लोकांची नावं आहेत ती. चुकीची छापली तर त्या माणसाला पुढच्या प्रत्येक कागदावर त्याचा त्रास होतो.

पिनकोड बरोबर असूनही सेवा "इनव्हॅलिड" म्हणते.

तो कोणत्या अंकांत आहे बघा. मराठी कीबोर्डवरून भरला असेल तर देवनागरी अंकांत असतो. पायथनची "इझडिजिट" ही तपासणी देवनागरी अंक पास करते, "इंट"सुद्धा त्यांचा योग्य आकडा करून देतं. म्हणून तुमच्या बाजूला काहीच कळत नाही. तीच स्ट्रिंग पुढं गेली की सेवा नाकारते. जावास्क्रिप्टमध्ये "नंबर" तिला आकडाच मानत नाही. फॉर्ममधून आल्या आल्या एकेक अंक बदलून साध्या इंग्रजी अंकांत आणा. वापरणाऱ्याला मराठी अंक टाइप करू नका असं सांगू नका. आपलं काम आहे ते.

फोनच्या एसटीडी कोडची गंमत नाही, धोका आहे. बेळगावचा ०८३१, कोल्हापूरचा ०२३१. जेसॉनमध्ये आकड्याच्या सुरुवातीला शून्य चालत नाही, म्हणजे अवतरणाशिवाय पाठवला तर पार्सरच अडतो. जुन्या पद्धतीच्या जावास्क्रिप्टमध्ये त्याहून वाईट होतं. ०८३१ मध्ये आठ असल्यानं तो दशमान धरला जातो आणि ८३१ होतो, पण ०२३१ अष्टमान समजला जातो आणि १५३ होतो. बेळगावच्या ग्राहकांचे नंबर जवळपास बरोबर, कोल्हापूरच्यांचे पार वेगळे. फोन, पिनकोड, खाते क्रमांक हे आकडे नव्हेत, मजकूर आहे. सुरुवातीपासून स्ट्रिंगच ठेवा.

पत्ता पाठवला की ४०० येतो: राज्य आणि पिनकोड जुळत नाही.

दुसऱ्या कुठल्या शहरात बसून लिहिलेल्या कोडमध्ये मराठी भाषा निवडली की राज्य आपोआप महाराष्ट्र होतं. निपाणीचा पिनकोड ५९१२३७, खानापूरचा ५९१३०२. कर्नाटकातले पिनकोड ५ नं सुरू होतात. डोंगराच्या पलीकडचं चंदगड ४१६५०९, ते ४ मध्ये. जीएसटी क्रमांकाचंही तसंच: कर्नाटकाचा २९ नं सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ नं. उद्यमबागेतून कोल्हापूरला माल गेला तर आंतरराज्य बिल होतं, आणि कोडनं राज्य चुकीचं धरलं तर कर चुकीच्या रकान्यात जातो. भाषेवरून राज्य ठरवू नका, पिनकोडवरून किंवा जीएसटी क्रमांकावरून ठरवा. मराठी बोलणारा माणूस महाराष्ट्रातच राहतो हे गृहीतक आपल्याइतकं कुणाला नडत नाही, तेव्हा ते दुरुस्त करणारेही आपणच असायला हवे.

४०१ आणि ४०३ मध्ये फरक काय?

४०१ म्हणजे तुम्ही कोण ते पटलं नाही. ४०३ म्हणजे पटलं, पण या कामाची परवानगी नाही. ४०१ आला तर एपीआय कीच्या (सेवेनं तुमची ओळख पटवायला दिलेल्या गुप्त मजकुराच्या) शेवटी स्पेस किंवा नवी ओळ चिकटली आहे का बघा, फाइलमधून वाचलेल्या कीला ती हमखास असते. हेडरमध्ये "बेअरर" शब्द आणि त्यानंतरची एक स्पेस राहिली आहे का तेही. आणि की कोडमध्ये लिहून गिटहबवर टाकू नका. टाकली असेल तर कमिट पुसून भागत नाही, की रद्द करून नवी घ्या.

टाइमआउट येतो. पुन्हा पुन्हा पाठवू का?

आधी "कनेक्शन रिफ्यूज्ड" आणि "टाइमआउट" वेगळे करा. पहिल्यात मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नव्हतं, म्हणजे पोर्ट चुकलं किंवा सेवा बंद आहे. दुसऱ्यात उत्तरच आलं नाही. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात नेटवर्क असं असतं की कनेक्शन जुळतं आणि उत्तर येता येता तुटतं. पायथनच्या रिक्वेस्ट्सला डिफॉल्ट टाइमआउटच नाही, तुम्ही दिला नाही तर तो कोड अनंतकाळ वाट बघत बसतो. म्हणून टाइमआउट नेहमी द्या, जोडण्याचा वेगळा आणि वाचण्याचा वेगळा.

आता पुन्हा पाठवण्याबद्दल. इथं मी केलेली चूक सांगतो. एका खेड्यातल्या डेअरीसाठी मी दूध नोंदणीचा कोड लिहिला होता. वजन, फॅट, सभासद क्रमांक सर्व्हरकडे जायचा, आणि टाइमआउट झाला की कोड तीनदा प्रयत्न करायचा. पावसाचे दिवस होते. नोंद सर्व्हरवर पोचत होती, परतीचं उत्तर मात्र पोचत नव्हतं, आणि माझा कोड तीच नोंद पुन्हा पाठवत होता. दहा दिवसांचं बिल निघालं तेव्हा काही सभासदांच्या नावावर एकाच सकाळचं दूध दोनदा चढलेलं. ज्या आजींच्या खात्यावर जास्त पैसे आले होते, त्या स्वतः येऊन म्हणाल्या, "एवढं दूध माझ्या म्हशीनं दिलंच नाही." सगळ्या नोंदी मी हातानं तपासल्या.

टाइमआउटचा अर्थ "झालं नाही" असा नसतो, "झालं की नाही कळलं नाही" असा असतो. वाचण्याची रिक्वेस्ट, म्हणजे गेट, बिनधास्त पुन्हा पाठवा. नवी नोंद करणाऱ्या पोस्टसोबत मात्र प्रत्येक नोंदीचा एक वेगळा ओळख क्रमांक पाठवा, तो क्रमांक नोंद बनताना एकदाच तयार करा, प्रत्येक प्रयत्नाला नवा नको. आणि तो क्रमांक आधी आला असेल तर सर्व्हरनं दुसरी नोंद न करता आधीचंच उत्तर द्यावं. दोन प्रयत्नांमधलं अंतर दर वेळी वाढवा: एक सेकंद, दोन, चार. सर्व्हर दमलेला असताना शंभर डेअऱ्यांनी एकाच क्षणी पुन्हा धडका मारल्या तर तो उठतच नाही.

सकाळच्या दुधाची तारीख आदल्या दिवसाची पडते.

सर्व्हर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ धरतो आणि आपण साडेपाच तास पुढं आहोत. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. त्याआधी रांगेत लागलेल्याचं दूध कालच्या तारखेत, नंतरच्याचं आजच्या. वेळ पाठवताना अधिक ५:३० असा झोन सोबत लावा आणि "दिवस" ठरवताना भारतीय वेळेवरूनच ठरवा. लॉगिननंतरचं टोकन मिळाल्या मिळाल्या "एक्स्पायर्ड" म्हणत असेल तर तिथंही हाच साडेपाच तासांचा फरक शोधा.

सर्व्हरच्या एसएसएल प्रमाणपत्राचा एरर येतो. तपासणी बंद करू का?

नका करू. "व्हेरिफाय फॉल्स" लिहिलं की मधे बसलेल्या कुणालाही तुमचा डेटा वाचता येतो, आणि ती ओळ नंतर कुणी काढत नाही. आधी कॉम्प्युटरची तारीख बघा. लॅबमधल्या जुन्या मशीनची बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षं मागं जाते आणि प्रत्येक प्रमाणपत्र "अजून सुरू झालं नाही" असं ठरतं. तारीख बरोबर असेल तर सिस्टिममधली मूळ प्रमाणपत्रं जुनी आहेत का बघा. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्ट ही मोफत प्रमाणपत्रं देणारी संस्था ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर टेकलेली होती ते संपलं, आणि अपडेट न केलेली कितीतरी यंत्रं त्या दिवशी अडली.

लॅपटॉपवर चालतं, फोनवरच्या ॲपमधून चालत नाही.

यूआरएलमध्ये "लोकलहोस्ट" आहे का? फोनसाठी लोकलहोस्ट म्हणजे फोन स्वतः. लॅपटॉपचा वायफायवरचा आयपी द्या, सर्व्हरला सगळ्या इंटरफेसवर ऐकायला सांगा, फायरवॉल बघा. अँड्रॉइडच्या एम्युलेटरमध्ये लॅपटॉपचा पत्ता १०.०.२.२ असतो.

पोस्ट पाठवला, सर्व्हर म्हणतो गेट आला.

यूआरएलच्या शेवटची तिरकी रेघ राहिली असणार. सर्व्हरनं ३०१ देऊन रेघवाल्या पत्त्याकडे पाठवलं, आणि बहुतेक क्लायंट ३०१ वर पोस्टचा गेट करतात, बॉडी गळते. नेमका पत्ता लिहा. सर्व्हर तुमचा असेल तर ३०८ वापरा, त्यात मेथड बदलत नाही.

४२९ म्हणजे?

फार वेगानं विचारताय. उत्तरात "रिट्राय-आफ्टर" हेडर असेल तर तेवढं थांबा. एकच पिनकोड दिवसात दोनशे वेळा विचारत असाल तर उत्तर आपल्याकडे साठवून ठेवा.

हवामान सेवा मे महिन्यात बेळगावचं तापमान शून्याच्या आसपास दाखवते.

अक्षांश-रेखांश उलटे गेले. बेळगाव साधारण १५.८५ उत्तर, ७४.५० पूर्व. उलटलं तर ७४.५० उत्तर होतं, आणि तो बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रात पडतो. दोन्ही आकडे वैध, म्हणून एरर येत नाही. नकाशावर आपण अक्षांश आधी म्हणतो, जिओजेसॉन या नकाशाच्या डेटाच्या फॉरमॅटमध्ये रेखांश आधी असतो. प्रत्येक सेवेचा क्रम तिच्या कागदपत्रांत बघा.

सगळं करून बघितलं. सेवा चालवणाऱ्यांना काय लिहू?

रिक्वेस्ट जशी गेली तशी: मेथड, यूआरएल, हेडर, बॉडी. उत्तर जसं आलं तसं, मजकूर म्हणून, मोबाइलनं काढलेला पडद्याचा तिरका फोटो नको. वेळ झोनसह. उत्तराच्या हेडरमध्ये रिक्वेस्ट आयडी असेल तर तो, कारण त्यावरून त्यांना त्यांच्या लॉगमध्ये तुमची नेमकी रिक्वेस्ट सापडते. काय व्हायला हवं होतं ते एका वाक्यात. मराठी मजकुरावर अडत असेल तर तेच इंग्रजी मजकूर देऊन चालतं का, हेही लिहा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, माहिती पूर्ण हवी.

मला फोन करायचा असेल तरी हीच यादी समोर ठेवा. पाठवण्याआधी त्यातून एपीआय की आणि लोकांचे फोन नंबर तेवढे काढून टाका.